शकुंतलेचें अभिज्ञान

साठी उलटलेल्या गृहस्थानें सकाळीं स्नानसंध्या आटोपून पोथी उघडावी, दिवेलागणीला नातवंडांकडून परवचा म्हणवून घ्यावा, आणि मधल्या वेळांत फार तर तुळशीला पाणी घालावें, अशी आपल्या घरांतून रीति आहे. आम्ही मात्र गेलें वर्षभर कातरी, डिंक आणि लाकडाचा भुसा घेऊन माडीवर बसत आलों आहों, आणि घरांतील मंडळी ‘आजोबांना दुसरें बालपण आलें’ असें म्हणून तोंडाला पदर लावीत आहेत. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें आहे असें नाहीं. परंतु या खेळापायीं आम्हांस अमरावतीहून अंजनगांवास आणि तेथून अकोल्यास जो प्रवास घडला, त्याचा वृत्तांत वाचकांस सांगण्याजोगा वाटतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रकरणाचा उगम पुण्यांत आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा बारा वर्षांचा नातू आपल्या आत्याकडे गेला असतां, कोथरूड भागांतील जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहून आला. भाऊ जोशी यांनीं जन्मभर जोपासलेल्या छंदांतून उभें राहिलेलें हें संग्रहालय १९९८ सालीं लोकांसाठीं खुलें झालें. एका विस्तीर्ण मंचकावर तेथें अख्खें नगर मांडलें असून, त्याच्या पुलांवरून आणि बोगद्यांतून नाना तऱ्हेच्या चिमुकल्या गाड्या सिग्नल पाळीत धांवतात. नातू परत आला तो हा हट्ट घेऊनच.

“आजोबा, आपण आपली गाडी करूं या.”

“आपली म्हणजे कोणती रे?”

“तुम्ही सांगतां ना, ती. शकुंतला.”

वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि तेथील कापूस विलायतच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हां आमच्या काळ्या मातींतल्या बोंडांना एकाएकीं सोन्याचें मोल आलें. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असे वऱ्हाड ओलांडीत १८६७ सालीं नागपुरास पोंचले. परंतु कापूस पिकतो तो या रस्त्याच्या दोहों अंगांना दूर दूर. त्याला मोठ्या गाडीपर्यंत आणावयाचें कसें? यासाठीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनें मूर्तिजापुराहून अडीच फूट रुंदीचे दोन फांटे काढले. एक उत्तरेस दर्यापूर, अंजनगांववरून अचलपुरास, सुमारें ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हावरून यवतमाळास, सुमारें ११३ किलोमीटर. पुढें देशांतील बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी मात्र खाजगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टर येथें १९२१ सालीं घडविलेलें वाफेचें इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलें. मग डिझेलचें आलें. आणि आतां तर कित्येक वर्षें कोणतेंच येत नाहीं. लोकांनीं या गाडीला ‘शकुंतला’ हें नांव प्रेमानें दिलें. पण आपण पुढें विसरली जाणार आहों हें जणूं त्या नांवांतच लिहिलेलें होतें.

नातवाच्या हट्टाला आम्हीं होकार दिला, तो आंत थोडें गणित दिसलें म्हणून. लघुरेल्वे करणाऱ्यांच्या जगांत सत्त्याऐंशीस एक हें प्रमाण फार चालतें. म्हणजे खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी भाग करावे आणि त्यांतला एक घ्यावा. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास ८७ नें भागितलें असतां जवळजवळ पावणेनऊ येतात, आणि बाजारांत नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ तयार मिळतात. शकुंतला नेमकी बसली! मोठी गाडी मात्र बसेना. आपल्या देशांतील मोठ्या लाईनीची रुंदी साडेपांच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. तिचे सवाएकोणीस होतात, आणि मिळणारे रूळ असतात साडेसोळांचे, कारण ते परदेशांतील अरुंद लाईनीसाठीं केलेले. तेव्हां मूर्तिजापूरच्या आमच्या जंक्शनावर मोठी गाडी थोडें खोटें बोलते, लहान गाडी खरें बोलते. साडेपांच फूट उंचीचा माणूसहि याच हिशेबानें सवाएकोणीस मिलिमीटरांचाच झाला पाहिजे, हें नातवानें आपण होऊन ताडलें, आणि आमच्यांतल्या मास्तराला धन्य वाटलें.

परंतु ७६ किलोमीटरांस ८७ नें भागिलें तरी ८७३ मीटर उरतात, आणि आमची माडी वीस फुटांची! तेव्हां सबंध मार्ग करण्याचा विचार सोडून मूर्तिजापूर आणि अंजनगांव हीं दोनच स्टेशनें निवडलीं. वात्स्यायनाच्या ग्रंथावर यशोधरानें जी टीका लिहिली आहे, तींत चित्रकलेचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. प्रमाण आणि सादृश्य हीं त्यांत निरनिराळीं गणिलीं आहेत. हा भेद आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदां सांगत असूं, पण तो आम्हांला स्वतःला उमगला या माडीवर. प्रमाण भागाकारानें येतें. सादृश्य मात्र जाऊन पाहिल्यावांचून येत नाहीं.

म्हणून मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं आम्ही आजोबा-नातू निघालों. अमरावतीचें जुनें स्टेशन मुख्य रस्त्यावर नाहीं. तेथून फांट्यानें बडनेऱ्यास यावें लागतें. तेथून मूर्तिजापूर. जवळ मोजपट्टी, वही, चहाचे चार रिकामे डबे आणि आमची छत्री. छत्री पावसासाठीं नव्हे. ती बरोबर तीन फूट लांबीची. भिंतीला, दाराला, खांबाला टेकवून नातू मोबाइलनें छायाचित्र घेई, म्हणजे पुढें घरीं बसून त्या छत्रीवरून सर्व मापें काढतां यावींत. जेथें हात पोंचेना, तेथें विटांचे थर मोजले. एक थर आणि त्यावरील चुना मिळून किती जाडी होते हें खालीं एकदां मोजलें, कीं वरची उंची नुसत्या मोजदादीनें कळते.

छोट्या गाडीच्या फलाटावर असे वांकून उभे असतां एक म्हातारा शेतकरी येऊन शेजारीं टेकला.

“काय मोजून राह्यले जी? गाडी त बंद हाय.”

“बंद आहे म्हणूनच मोजतों, बाबा.”

तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मंग पह्यलेच याले पाह्यजे होतं.”

या वाक्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

मूर्तिजापुराहून एस. टी. नें दर्यापूरच्या वाटेस लागलों. मध्यें पूर्णा नदी लागते. नदीच्या दोहों कांठांना खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणावी तर पाणी खारट, आणि वर माती मात्र काळीभोर. दोन्हीं बाजूंना कापसाचीं शेतें, वेंचणी चाललेली, आणि मधून मधून तुरीच्या पिंवळ्या फुलांच्या ओळी. आम्ही शाळेंत ‘काळी माती’ हे शब्द पाठ करून घेत असूं. ती नुसती काळी नसते हें त्या दिवशीं प्रथम नीट पाहिलें. नांगरलेली ओली माती काळी, सुकलेली राखी, पायवाटेची जवळजवळ पांढुरकी, आणि पूर्णेच्या कांठची थोडी पिंवळट. चारहि डबे भरले. शेजारच्या बाईनें विचारलें, तेव्हां नातवानें सरळ सांगितलें, “आमच्या गाडीसाठीं.” तिनें आमच्याकडे मोठ्या करुणेनें पाहिलें.

अंजनगांव-सुर्जी हें नांव इतिहासाच्या पुस्तकांत येतें, तें ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यामध्यें येथें झालेल्या तहामुळें. भाविकांस तें देवनाथांच्या मठामुळें ठाऊक आहे, आणि विडा खाणारांस पानमळ्यांमुळें. आम्हांस तें ठाऊक आहे तें आमचें घर तेथें होतें म्हणून. ‘होतें’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. वाड्याच्या जागीं आतां दुकानांची इमारत आहे. तिच्याकडे न पाहतां आम्ही नातवाचें बोट धरून थेट स्टेशनाकडे वळलों.

रुळांत गुडघाभर गवत. बाभळीचें एक रोप दोन रुळांच्या बरोबर मधोमध उगवून कमरेइतकें झालें होतें. वडील मूर्तिजापुरास शाळेंत शिक्षक होते. आठवडाभर तेथें राहात आणि शनिवारीं संध्याकाळच्या गाडीनें घरीं येत. दादा आणि आम्ही कंदील घेऊन त्यांना आणावयास येत असूं. गाडीला वेळेचें बंधन फारसें नसे. तासतासभर झाडाखालीं बसावें लागे. हें सर्व नातवाला सांगितलें. त्यानें वही उघडून विचारलें, “झाड कसलें होतें?” आम्ही म्हणालों, “कडुनिंबाचें.” “घंटा कोणीकडे होती?” आठवेना. “बांक किती होते?” आठवेना. “मग हें कोणाला आठवत असेल?”

“दादांना,” असें तोंडून निघून गेलें, आणि आम्ही गप्प झालों.

येथें घरगुती गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमचा वडिलोपार्जित वाडा नऊ वर्षांपूर्वीं विकला गेला. निर्णय दादांचा, भिंती खचल्या होत्या, राहावयास कोणी जाणार नव्हतें, आणि दुरुस्तीचा खर्च उभयतांच्या आटोक्याबाहेरचा होता. आम्हीं कागदावर सही केली, आलेल्या पैशांतला अर्धा वांटा घेतला, त्यांत मुलीचें लग्न केलें, आणि मग वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं चार पाहुण्यांदेखत म्हणालों, “दादा, तुम्हीं बाबांचें घर विकलेंत.” दादा कांहीं बोलले नाहींत. पुढच्या वर्षापासून एकाच वडिलांचीं श्राद्धें दोन गांवीं होऊं लागलीं. अमरावती आणि अकोला यांमध्यें किती अंतर आहे हें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांला तें नऊ वर्षें ओलांडतां आलें नाहीं.

त्या रात्रीं नाहीं, पण पौषांत एका रविवारीं आम्ही अकोल्यास गेलों. जातांना मनाशीं पांच-सहा वाक्यें जुळवून ठेवलीं होतीं. दार वहिनींनीं उघडलें. “या भाऊजी,” एवढेंच म्हणून त्या चहा ठेवावयास गेल्या. दादा खुर्चींत बसले होते. शहात्तर वर्षांचें वय, एका डोळ्याचा मोतीबिंदु काढलेला. आम्ही नमस्कार करून पहिलें वाक्य शोधीत होतों, तोंच नातवानें स्टेशनाचा नकाशा त्यांच्या मांडीवर पसरला.

“मोठे आजोबा, घंटा कोणत्या बाजूला होती?”

दादांनीं चष्मा चढविला. पेन्सिल मागितली. “ही येथें. घंटा म्हणजे काय, टांगलेला रुळाचा तुकडा. बांक दोन, त्यांतल्या एकाचा पाय मोडका होता, खालीं दगड लावीत. आणि हें काय काढलें आहेस?”

“कडुनिंब.”

“कोणी सांगितलें?”

“आजोबांनीं.”

तेव्हां कोठें दादांनीं आमच्याकडे पाहिलें. “निंब नव्हता रे. चिंच होती. गाडीला उशीर झाला कीं तूं कोवळ्या चिंचा खात बसायचास, आणि दांत आंबले, भाकरी चावत नाहीं, म्हणून रात्रीं रडायचास. बाबा रागें भरायचे ते मला.”

हें ऐकतांच आमच्या दाढांमध्यें आंबट कळ उठली. पन्नास वर्षें आम्ही जो निंब खरा मानीत होतों, तो त्या एका कळेसरशीं नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं चिंच उभी राहिली. जुळविलेलीं वाक्यें तशींच राहिलीं. दादा नातवाला अकोला-खांडवा मार्गावरील धूळघाटची चक्री समजावून सांगूं लागले: डोंगर चढावयाचा, पण सरळ चढाला जागा नाहीं, तेव्हां रूळ गोल फिरवून आपल्याच डोक्यावरून पुढें न्यावयाचा. ती मीटरगेज गाडीहि २०१७ सालीं बंद झाली. “तुझ्या माडीवर जागा कमी आहे ना? मग अशी चक्री कर,” दादा म्हणाले. नातवाचे डोळे चमकले. पण अंजनगांवची जमीन पाटासारखी सपाट, तेथें घाट आणावा कोठून? चक्री पुढच्या खेपेस, असें ठरलें.

त्यानंतर काम जोरानें चाललें. कोणा घरीं मुलें असलीं आणि त्यांस अशी हौस असली, तर उपयोग व्हावा म्हणून चार गोष्टी सांगतों. फळी प्लायवूडची, खालीं लाकडी चौकट, उंचवट्यांना थर्मोकोल. आणलेली माती चाळून, तव्यावर भाजून घ्यावी. न भाजल्यास तींतून किडे आणि अंकुर निघतात. (यासाठीं स्वयंपाकघरांतला तवा मागण्याचें धाडस करूं नये, आम्हीं केलें होतें.) फेव्हिकॉल आणि पाणी समभाग घेऊन त्यांत भांडीं घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालावा आणि नळीनें थेंब थेंब सोडावें. साबण नसला तर पाणी मातीवर मोत्यासारखें गोळा होऊन बसतें, आंत मुरत नाहीं. चॉकलेटचा चंदेरी कागद फणीच्या दांत्यांवर दाबला कीं पन्हळी पत्रा तयार होतो. त्यावर गेरूचें पातळ पाणी फिरविलें कीं तो गंजतो. तांब्याच्या बारीक तारा पिळून झाडाचें खोड, आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून, रंगविलेल्या भुशांत घोळवून त्याचा पाला.

आमच्या चुकाहि सांगाव्या. प्रथम सर्व गवत हिरवें केलें. तें कोंकण दिसूं लागलें. वऱ्हाडांत गवत चार महिने हिरवें आणि आठ महिने पिंवळें. चित्राला ऋतु एकच असतो, तो आधीं ठरवावा. आम्हीं मार्गशीर्ष ठरविला, आणि सरकीच्या बैलगाडीपासून तुरीच्या फुलापर्यंत सर्व आपोआप ठरलें. जिनिंगचें शंभर फुटी धुरांडें हिशेबानें चवदा इंच झालें आणि सगळें गांव त्याखालीं दबलें. तें दहा इंचांवर आणून मागें सारलें, तेव्हां खरें वाटूं लागलें. मागच्या भिंतीवर गाविलगडाचे डोंगर गडद निळे रंगविले, ते कुंपणासारखे जवळ आले. पांढरा मिसळून फिके केले, तसे मैलोगणती दूर गेले.

हें सर्व करतांना कालिदासाच्या नाटकाचा सहावा अंक वारंवार आठवे. कोळ्याकडून मुद्रिका परत मिळाल्यावर दुष्यंताची स्मृति जागी होते, आणि तो शकुंतलेचें चित्र काढतो. चित्र हुबेहूब उतरलेलें आहे. तरी राजा म्हणतो कीं अजून पुष्कळ काढावयाचें राहिलें आहे: मालिनीची वाळू आणि तींतलीं हंसांचीं जोडपीं, हिमालयाच्या पायथ्याचीं हरणें, वल्कलें वाळत घातलेलें झाड. वर्गांत हा भाग शिकवितांना आम्ही त्याला वर्णनाचा अलंकार म्हणत असूं. तो अलंकार नव्हे. ज्याला माणूस आठवतें त्याला जागा आठवते, आणि जागा चुकली तर माणूसहि चुकतें. नऊ मिलिमीटरांच्या रुळांवरून धांवणारें इंजिन विकत मिळतें. तें कोणत्याहि देशाचें असूं शकतें. त्याला शकुंतला करते ती ही माती, ती मोडक्या पायाची बांक आणि ती चिंच. त्याच अंकांत राजा चित्रांतल्या भुंग्यालाच दटावूं लागतो आणि विदूषकाला सांगावें लागतें कीं हें चित्र आहे. तेवढी शुद्ध आम्हांला आहे. गाडी बंद झाली ती बंदच आहे, आणि वाडा गेला तो गेलाच.

चैत्रांत दादा आणि वहिनी अमरावतीस आले. दादांनीं येतांना एका डबीत साडेपांच इंचांची चिंच आणली होती. खोडाच्या तारा स्वतः पिळल्या होत्या, पाला वहिनींनीं केला होता. चाळीस फुटांचें झाड सत्त्याऐंशीनें भागून त्यांनींहि तेंच उत्तर काढलें होतें. आमचा निंब उपटून चिंच लावली. खालीं नातवानें दोन मुलगे बसविले. एकाच्या हातांत मोहरीएवढा कंदील. वाड्याचा विषय कोणीं काढला नाहीं, आणि काढला असता तरी आम्हांस काय बोलतां आलें असतें हें ठाऊक नाहीं. श्राद्ध मात्र यंदां एकाच ठिकाणीं व्हावयाचें आहे.

नातवानें विचारलें, “मोठे आजोबा, तुमच्या बाबांची बाहुली कोठें उभी करूं?”

दादा रुळाकडे पाहात म्हणाले, “उभी कशाला करतोस? ते गाडींत आहेत. गाडी सोड.”

वाचकांच्या गांवींहि एखादें असें स्टेशन, एखादा घाट, एखादी बंद पडलेली गिरणी असेल. तिचें चित्र करा वा न करा; पण ती कशी होती हें ज्याला आठवतें तें माणूस घरांत किंवा शेजारच्या गांवीं असेल, तर त्याच्याकडे जाऊन विचारून घ्यावें. मूर्तिजापूरच्या त्या म्हाताऱ्यानें आम्हांस सांगितलें, तेंच आम्ही सांगतों: यावयाचें तर आधींच यावें.